फोनशिवाय इमॅक्समधेच टीओटीपी कोड काढता येतो का? आणि ते सुरक्षित आहे का?

येतो की. टीओटीपी म्हणजे पासवर्डनंतर मागतात तो दर 30 सेकंदांनी बदलणारा कोड, आणि इमॅक्स म्हणजे टेक्स्ट एडिटर. पण ते "सुरक्षित आहे का" चं शेपूट तुम्ही लावलंय ना, त्यावरनं आमच्या दाजींशी माझं कायम वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

दाजी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या काही फाउंड्र्यांचे सर्व्हर बघतात, मी त्यांच्या हाताखाली. ज्यांच्यावरनं हे कोड बनतात त्या सगळ्या सिक्रेट की मी जीपीजीनं एन्क्रिप्ट केलेल्या एका फाइलमधे ठेवायचो आणि कोड इमॅक्समधनंच काढायचो. दाजी म्हणायचे, "पासवर्डच्या जोडीला दुसरा फॅक्टर म्हणजे दुसरी वस्तू पाहिजे. तू कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगतोयस."

मग आला जुलै 2021 चा पूर. शाहूपुरीत त्यांच्या गल्लीत पाणी शिरलं, सामान माळ्यावर टाकताना फोन पाण्यात पडला तो गेलाच, रिकव्हरी कोड छापून ठेवलेले ते खालच्या कपाटात, त्यांचा लगदा. सगळे आमच्याकडं राजारामपुरीत. शिरोलीजवळ हायवे बंद, नवीन फोन आणणार कुठनं, आणि त्यातच एका फाउंड्रीवाल्याचा घाईचा निरोप, लाइट कधी जाईल नेम नाही, आधी बॅकअप बाहेर काढा. मी बायकोच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला, फाइल उघडली, कोड टाकला, आत. दाजी चहा पीत बघत होते. म्हणतात कसे, "काम झालं ते ठीक, पण पद्धत चुकीचीच."

अहो पण कोडला फोन लागतो कुठं? आरएफसी 6238, म्हणजे टीओटीपीचं स्टँडर्ड, वाचा, 2011 चं आहे. 1970 पासूनच्या सेकंदांना 30 नं भागायचं, त्या आकड्याचा की वापरून एचमॅक (की मिसळून काढलेला हॅश) काढायचा, त्यातले 31 बिट उचलून 10 लाखानं भागायचं, बाकी उरते तोच तुमचा कोड. सिम नको, नेट नको. सर्व्हरला एवढंच कळतं की समोरच्याकडं की आहे, ती कुठल्या डबड्यात आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पासवर्ड चोरणाऱ्याकडं ती की नसते, बास. आणि फसव्या साइटवर टाकला तर फोनमधला कोडपण जातोच. दाजी स्वतः बँकेचं ॲप आणि ओटीपीचा एसएमएस एकाच फोनवर बघतात, तिथं खुंटी आठवत नाही.

करायचं कसं, तर ओथटूल, म्हणजे टर्मिनलमधे कोड काढून देणारा प्रोग्राम, टाका, जीपीजीनं उघडलेली की पाइपमधनं त्याला द्या, कीच्या जागी नुसता डॅश. इमॅक्समधे कंट्रोल-यू दाबून मग शेल कमांड चालवली की कोड कर्सरपाशीच येऊन पडतो. विम हा दुसरा एडिटर वापरत असाल तर त्यात रीड आणि उद्गारचिन्ह. की कमांडमधे टाइप करू नका, शेलच्या हिस्टरीत राहते आणि पीएसमधे, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीतपण दिसते.

हां, पासवर्ड त्याच लॅपटॉपात असतील आणि मालवेअर घुसला तर दोन्ही गेलं, एवढं दाजींचं खरंय. बँकेच्या कामाला मीपण असलं करत नाही. कंपनीचा नियम फोनचा असेल तर गपगुमान फोन वापरा. की ची फाइल विममधे उघडत असाल तर स्वॅप आणि अनडू फाइल बंद ठेवा, नाहीतर की त्यात उघडी राहते. आणि विंडोज-लिनक्स ड्युअल बूट असेल तर कोड चुकला म्हणून की ला शिव्या देऊ नका, आधी घड्याळ बघा, ते बरोब्बर साडेपाच तास इकडंतिकडं गेलेलं असतं.