रेसर व्हायचंय, पण कुठल्या गाडीत?

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. थायलंडचा टूरिंग कार रेसर तिन श्रीत्राई याच्या शर्यती सतत मोबाइलवर बघत असतो. आता ‘मलाही हेच करायचंय’ म्हणतो. थायलंडमधून जमतं, तर नाशिकमधून का नाही, असा त्याचा सवाल. घरात कुणालाच यातलं काही कळत नाही. त्याला काय सांगू? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, मुलाने माणूस छान निवडलाय. एरवी पोरं थेट फॉर्म्युला वनचं नाव घेऊन येतात, आणि तो खर्च ऐकला की आईबापांचे चेहरे उतरतात. अंबडच्या माझ्या गॅरेजमध्ये रॅलीच्या गाड्या तयार होतात, त्यामुळे असे चेहरे मी पाहिलेत.

टूरिंग कार म्हणजे तुमच्याआमच्या दारातल्या गाडीचीच शर्यतीसाठी घडवलेली बहीण. १ नोव्हेंबर २०१५ ला थायलंडमधल्या बुरीरामला जागतिक टूरिंग कार स्पर्धेची फेरी झाली. श्रीत्राई त्यात शेवरोले क्रूझ घेऊन उतरला होता आणि त्याच मैदानात नऊ वेळा जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलेला सेबास्तियन लोएब होता. त्या गाड्यांचं इंजिन १.६ लिटर टर्बो, ताकद साधारण ३८० हॉर्सपॉवर, आणि सगळा जोर पुढच्या चाकांवर. खरं कसब इथेच आहे. तीच चाकं गाडी ओढणार, तीच वळवणार. वळणात घाईने ॲक्सिलरेटर दाबला की गाडी सरळ बाहेर निघते, आणि पुढचे टायर तापून गेले की शेवटच्या फेऱ्यांत पकडच उरत नाही. शिवाय बाजूचा गडी दाराला दार घासत आत घुसत असतो. तेव्हा टायर राखून चालवणारा पुढे जातो.

आता ‘थायलंडमधून कसं जमतं’ याबद्दल. तिथे राजपुत्र बीरा १९५० च्या पहिल्याच फॉर्म्युला वन हंगामात धावले होते. पट्टायाजवळच्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. टोयोटा तिथे एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या शर्यती भरवते. सगळ्यांची गाडी सारखी, म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते लगेच कळतं. त्यावर देशांतर्गत मालिका आहे, बांगसेनला समुद्राकाठच्या रस्त्यांवर शर्यत होते, आणि २०१४ पासून बुरीरामचा ४.५५४ किलोमीटरचा, १२ वळणांचा ट्रॅक आहे. मुलाला घर सोडून युरोपात जावं लागत नाही. मला या देशाबद्दल मनापासून आदर वाटतो तो यामुळे.

आपल्याकडेही वाट आहे, फक्त लांबची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला आणि कोइम्बतूरला ट्रॅक आहेत, राष्ट्रीय स्पर्धेत ‘इंडियन टूरिंग कार्स’ हा वर्गही असतो. फोक्सवॅगनच्या पोलो कपसारख्या एका मॉडेलच्या शर्यती आपणही पाहिल्या आहेत. शर्यतीचं लायसन्स एफएमएससीआय ही राष्ट्रीय संघटना देते. सुरुवात मात्र कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून करा. कोल्हापुरात मोहित्यांचा ट्रॅक आहे. सुट्टीत तिथे न्या. हातात स्टिअरिंग आल्यावर पोरगं खरोखर टिकतं का, ते मोबाइलवर कळत नाही.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतोय. त्र्यंबक रोडला रात्री आणि कसारा घाटात पोरं जे करतात, त्याच्याशी या खेळाचा काडीचा संबंध नाही. ट्रॅकवर गाडीत रोल केज, म्हणजे उलटली तरी ड्रायव्हरला वाचवणारा लोखंडी सांगाडा असतो, सहा पट्ट्यांचा बेल्ट असतो, वळणावळणाला झेंडा घेऊन मार्शल उभा असतो. घाटात समोरून ट्रक येतो. मुलगा १८ चा होईपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, त्यात तडजोड नको.

बारावी पूर्ण करू द्या. सातपूर-अंबडमध्ये गाड्यांचा एवढा उद्योग आहे, की ऑटोमोबाइल डिप्लोमा केला तर काम मिळेल, आणि गाडी आतून कळणारा ड्रायव्हर इंजिनिअरला नेमकं काय बिघडलंय ते सांगू शकतो. परीक्षा झाल्यावर रविवारी त्याला माझ्याकडे पाठवा. आधी टायर काढायला लावीन.