चार जुलैची परेड आणि लेकीचं मत

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक दर चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, झेंडा घेऊन परेड बघायला जाते. दीर म्हणतात, अशानं मुलं पुढे रिपब्लिकन होतात. खरंच?

उत्तर : दिरांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. २०११ साली हार्वर्डमधून यावर एक अभ्यास आला. चार जुलैला पाऊस आला की परेड, आतषबाजी बारगळते; आणि पाऊस कुणाच्या घरचं राजकारण बघून पडत नाही, म्हणून तुलना निकोप होते. ज्यांच्या लहानपणी तो दिवस कोरडा गेला, त्यांचा मोठेपणी रिपब्लिकन पक्षाकडे कल थोडा जास्त दिसला. मतदानही किंचित वाढलं. डेमोक्रॅट मात्र वाढले नाहीत. तिथे देशभक्तीचा सोहळा एका पक्षाशी जास्त जोडला गेलाय, हे त्यामागचं कारण मला पटतं.

पण हा कल सरासरीचा, तोही थोडासा. साताऱ्याच्या शाळेत पंधरा ऑगस्टला आम्ही लेझीम खेळायचो, कॅनव्हासच्या बुटांना आदल्या रात्री खडू फासून. माझ्या शेजारी उभी राहणारी आज कट्टर काँग्रेसची, तिच्या पलीकडची भाजपची.

लेकीला परेडला जरूर न्या. आणि तुम्ही तिथले मतदार असाल, तर नोव्हेंबरात मतदानाला जाताना तिलाही सोबत घ्या.