पहिला कॉम्प्युटर घरी जोडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी अकरावीला आहे. अभ्यास, कोडिंग, थोडं व्हिडिओ एडिटिंग आणि अधूनमधून गेम, एवढ्यासाठी कॉम्प्युटर घरीच जोडायचा आहे. मॉनिटर आहे. बजेट ४० हजारांच्या आत. ऑनलाइन जिथे जे स्वस्त दिसलं ते घेऊन यादी केली : रायझन ५ ५६००, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅमची एक पट्टी, ५१२ जीबी एसएसडी आणि ‘४५० वॉट’ एसएमपीएससकट (पॉवर सप्लायसकट) कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेऊ. काही राहिलंय का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पैसे भरण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. ही रॅम या बोर्डात बसणारच नाही, आणि बसली असती तरी पडद्यावर काही दिसलं नसतं. एकेक वस्तू सुटी पाहून स्वस्त निवडली की असं होतं. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम ही तिन्ही एकत्रच ठरवायची, बाकीचं त्यांच्यामागून.

ए५२० बोर्डावर एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) असतो आणि एएम४ वर फक्त डीडीआर४ चालते. डीडीआर५ च्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावाल तर स्लॉट तुटेल. डीडीआर५ हवीच असेल तर एएम५ बोर्ड आणि त्याचाच प्रोसेसर घ्यावा लागेल, आणि मग तुमचं बजेट ताणलं जाईल. सांगितलेल्या कामांना डीडीआर४ पुरते. मात्र एएम४ वर पुढे वाढायला जागा थोडी आहे : फार तर ५७००एक्ससारखा, याच ५००० मालिकेतला वेगवान प्रोसेसर घालता येईल, त्या मालिकेपलीकडे जायचं तर बोर्ड आणि रॅम दोन्ही नवी. हे पटत असेल तरच घ्या.

आता प्रोसेसर. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं तोंड असलं तरी त्यातून चित्र येत नाही, कारण ते चित्र प्रोसेसरने पाठवायचं असतं. कार्ड पुढच्या वर्षी येणार असेल तर आज ५६००जी घ्या. सहा कोअर, बारा थ्रेड, आत ग्राफिक्स आणि खोक्यात पंखाही. दुकानदार ‘जी’ची किंमत सांगून बिना-‘जी’चा तुकडा देत नाही ना, हे खोक्यावर वाचा.

रॅम १६ जीबीची एक पट्टी नको, ८ + ८ घ्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून वाटा घेतं. दोन पट्ट्या असल्या की बोर्ड दोन्ही चॅनेल एकदम वापरतो आणि गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर दोन्ही भरले जातील. पुढे वाढवायचं तर पट्ट्या बदलाव्या लागतील. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही बरेच महागले आहेत, त्यामुळे ३२ जीबीच्या मागे आज लागू नका.

एसएसडी एम.२ एनव्हीएमई घ्या. एम.२ आकारातच साटा प्रकारचीही मिळते, ती दिसायला जवळजवळ तशीच असते. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, तर साधी जेन ३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३,००० च्या वर जाते. जेन ४ साठी जादा पैसे देऊ नका. ५६००जी आणि ए५२० दोन्ही जेन ३ पर्यंतच आहेत, महागडी घेतली तरी जेन ३ च्याच वेगाने चालेल.

राहिला एसएमपीएस. काटकसर कॅबिनेटमध्ये करा, आरजीबी पंख्यांत करा, इथे करू नका. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. वर ‘४५०’ छापलेलं असून उपयोग नाही. ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा घ्या. पुढच्या वर्षीचं कार्डही तो ओढेल.

शेवटची खबरदारी बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची. ए५२० बोर्ड २०२० मध्ये आले आणि ५६००जी २०२१ मध्ये. जुन्या स्टॉकमधल्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखता येत नाही. खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ असा स्टिकर शोधा. नसेल तर बायोस अपडेट करूनच बोर्ड द्या, असं दुकानात सांगा.

प्रश्न : मित्र त्याचा एच४१० बोर्ड फुकट देतोय. त्यावर नवा आय३-१२१०० बसेल का? – एक वाचक, परळ

उत्तर : नाही. एच४१० चा सॉकेट एलजीए १२००, आय३-१२१०० बाराव्या पिढीचा, त्याचा एलजीए १७००. आकारच वेगळा आहे, बायोस बदलून काही होणार नाही. त्या बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर चालेल. विंडोज ११ साठीही ती पिढी चालते. नवाच घ्यायचा तर एच६१० बोर्ड पाहा, पण तो डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतो, तेव्हा पूर्ण मॉडेल नंबर वाचून रॅम घ्या. आणि इंटेलमध्ये शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर ग्राफिक्सशिवाय येतो, उदाहरणार्थ १२१००एफ.

इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. दुकानातच झाकण काढून उजेडात तिरकं धरून पाहा. एक जरी वाकलेली दिसली तरी बोर्ड बदलून घ्या. घरी नेल्यावर वाकलेल्या पिनेला कोणी वॉरंटी देत नाही. वरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा.

प्रश्न : ५६००जी आहे, एसएमपीएस ४५० वॉट ब्रॉन्झ. आरएक्स ६६०० कार्ड लावलं तर चालेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल. कार्ड १३२ वॉट घेतं, प्रोसेसर पूर्ण भाराला ८८ च्या आसपास, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. २७० झाले. एएमडीही या कार्डाला ४५० वॉटचीच शिफारस करते. कार्डाला आठ पिनांची एक वायर लागते. ती ‘पीसीआय-ई’ लिहिलेली हवी. ‘सीपीयू’ लिहिलेली वायरही आठ पिनांचीच असते, पण तिच्यात व्होल्टेज आणि अर्थच्या जागा उलट्या आहेत. ती दाबून बसवली तर कार्ड जळू शकतं. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या वायरी त्यात कधीही खुपसू नका, बसल्या तरीही.

कार्ड घेण्याआधी कॅबिनेटमधली लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. पैसे वाचवायला आरएक्स ६५०० एक्सटी घ्यायचा मोह झाला तर टाळा. ते कार्ड बोर्डाशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि ५६००जी जेन ३ वर असल्याने त्याची कामगिरी घसरते. ६६०० आठ लेन वापरतं, त्याला फारसा फटका बसत नाही.

प्रश्न : सगळं जोडलं. पंखे फिरतात, लाइट लागतो, पण डिस्प्ले येत नाही. बोर्ड मेला का? – एक वाचक, विरार

उत्तर : बहुधा नाही. या क्रमाने पाहा.

मॉनिटरची वायर कुठे लावलीत? कार्ड असेल तर कार्डाला, नसेल तर बोर्डाला. मग बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची चार किंवा आठ पिनांची वायर पाहा. ती राहून गेली तरी पंखे फिरतात, आणि म्हणूनच फसायला होतं. नंतर रॅम : बंद करा, मेन प्लग काढा, पट्ट्या काढून पुन्हा बसवा. ‘कट’ असा आवाज येईपर्यंत अंगठ्याने दोन्ही टोकं दाबावी लागतात. नवखे लोक भीतीने अर्ध्यावर सोडतात. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. तरीही नाही आलं तर एकच पट्टी लावून पाहा, मग दुसरी. डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा रॅम ओळखायला काही मिनिटंही घेतो, तेव्हा मधेच बंद करू नका.

एवढ्यानेही नाही झालं तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि नुसता प्रोसेसर, पंखा, एक रॅम (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही) एवढ्यावर चालू करा. इथे चालला तर बहुधा कॅबिनेटमधला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंटा) चुकीच्या जागी लागून बोर्डाच्या मागे शॉर्ट होतोय.

एएमडीचा पंखा काढायची वेळ आली तर आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून प्रोसेसर आणि पंख्यामधली पेस्ट गरम करा (डिस्प्ले नसला तरी चालेल), मग बंद करून पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला. सरळ वर ओढलात तर एएम४ चा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. ५६००जी सोबतचा पंखा स्क्रूचा आहे, तो पहिल्यांदा बसवण्याआधी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढल्या की मागची धातूची प्लेट गळून पडते, तेव्हा ती खालून हाताने धरा. पंखा परत बसवताना जुनी पेस्ट पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा.

प्रश्न : लॅमिंग्टन रोड की ऑनलाइन? – एक वाचक, भांडुप

उत्तर : भाव आधी ऑनलाइन लिहून घ्या, मग ग्रँट रोडला उतरून तीन दुकानांत लेखी कोटेशन मागा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. ‘बिलाशिवाय १८ टक्के वाचतील’ असं सांगितलं तर नको म्हणा. बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर हवा, वॉरंटी त्यावरच मिळते. प्रोसेसर ‘ट्रे’चा (खोक्याशिवायचा, सुटा) नको, सीलबंद खोक्यातला घ्या, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवाल्याची भिस्त फक्त दुकानदारावर. परतताना कॅबिनेट लोकलमध्ये न्यायचं असेल तर दुपारी निघा.

प्रश्न : चाळीत राहतो. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : बहुधा भिंतीवरच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थ नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे धातूच्या पेटीवर थोडा दाब उतरतो, अर्थ असली की तो निघून जातो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. नळाच्या पाइपाला वायर बांधू नका. तोवर पेन ड्राइव्ह किंवा मॉनिटरची वायर लावताना आधी मेन प्लग काढा.

यूपीएस घ्यायचा असेल तर ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॉट. ग्राफिक्स कार्डाशिवाय चालेल, कार्ड असेल तर १,००० व्हीएच्या वरचा घ्या. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की नवे एसएमपीएस बंद पडतात, तेव्हा घेतल्या दिवशीच यूपीएसचा प्लग काढून पाहा. पावसाळ्यात कॉम्प्युटर महिनाभर बंद ठेवू नका, दोन-तीन दिवसांनी तासभर तरी चालवा म्हणजे आतली ओल सुकते. खिडकी समुद्राकडे असेल तर कॅबिनेट तिच्यापासून दूर ठेवा. खाऱ्या हवेने रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. मशीन मधेच डिस्प्ले द्यायचं थांबलं तर त्या पट्ट्या खोडरबरने हलक्या घासून, कोरड्या कापडाने पुसून परत लावा.