सीव्हीतले ‘४० पट’ आणि बंद झालेलं खातं

सीव्हीत संशोधनाची पार्श्वभूमी कशी मांडावी आणि खातं बंद झाल्यावर जुना आकडा कसा पडताळावा, हा तुमचा प्रश्न वाचून जुनं दुखणं वर आलं. समांतर संगणनात (एकच काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर, म्हणजे गणन-एककांवर, वाटून चालवणं) पीएचडी, सीव्हीत ‘६४ कोअरवर ४० पट वेग’ अशी ठळक ओळ, मुलाखतीत पहिलाच प्रश्न ‘कशाच्या ४० पट?’, आणि पडताळून पाहावं म्हटलं तर संगणन केंद्राने खातंच बंद केलेलं. पदव्या, गाईड, पेपरांची यादी कशी मांडायची यात मी जात नाही, ते तुम्ही केलेलं असणार. अडलंय ते आकड्यापाशी.

या क्षेत्रातल्या माणसाची पार्श्वभूमी म्हणजे खरं तर त्याच्या मोजमापांची पार्श्वभूमी. ‘४० पट’ला बेसलाइन (तुलनेचा पाया) नसेल तर तो आकडा कुणी धरत नाही, आणि न धरणारे चुकतही नाहीत. तुलना कशाशी केली? तुमच्याच समांतर प्रोग्रामशी, एका प्रोसेसवर चालवून? की उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या सीरियल (एकाच कोअरवर क्रमाने चालणाऱ्या) प्रोग्रामशी? पहिल्या प्रकारात एमपीआयचा (प्रोसेसना आपसांत संदेश पाठवू देणारी प्रणाली) जादा भार बेसलाइनमध्येच शिरतो आणि स्पीडअप, म्हणजे वेग किती पट वाढला तो आकडा, फुगतो. सीरियल प्रोग्राम ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाइल केला असेल तर विचारूच नका. दुसरं, ६४ कोअर की ६४ थ्रेड? हायपरथ्रेडिंग (एक खरा कोअर दोन असल्यासारखा दाखवणं) चालू असेल तर खरे कोअर ३२ असू शकतात, आणि ३२ कोअरवर ४० पट म्हटलं की समोरचा भुवया उंचावणारच. कॅशमुळे (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) असं होऊ शकतं, पण मग ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

जीपीयूचे आकडे याहून वाईट असतात. ‘१५० पट’ बहुतेक वेळा एका सीपीयू कोअरच्या तुलनेत असतं. तोच प्रोग्राम ३२ कोअरवर २५ पट धावत असेल तर जीपीयूचा खरा फायदा ६ पट. डेटा जीपीयूवर नेण्या-आणण्याचा वेळ धरला की तोही घटतो. सीव्हीत ६च लिहा. ६ पटीवर कुणी उलटतपासणी घेत नाही.

मुलाखतीत कागदावर काय होतं ते सांगतो. कार्प आणि फ्लॅट यांनी १९९० मध्ये प्रोग्रामचा किती भाग सीरियल राहिला ते काढायचं एक साधं सूत्र दिलं: स्पीडअपच्या व्यस्तातून कोअरच्या संख्येचा व्यस्त वजा करायचा आणि उत्तराला (१ वजा कोअरचा व्यस्त) ने भागायचं. ६४ कोअरवर ४० पट म्हणजे सुमारे ०.९५ टक्के भाग सीरियल. कितीही कोअर लावले तरी वेग सीरियल भागापाशी अडतो, या अॅमडालच्या १९६७ च्या युक्तिवादाने याची कमाल मर्यादा साधारण १०५ पट. आता १६ कोअरवर तुमचा स्पीडअप १५ असेल तर तिथे हाच भाग ०.४४ टक्के येतो. मूळ अल्गोरिदमचा सीरियल भाग कोअर वाढवले म्हणून वाढत नाही. वाढलाय तो ओव्हरहेड: संदेशांची देवाणघेवाण, कामाची असमान वाटणी किंवा मेमरी बँडविड्थ संपणं. यातलं कुठलं, हे सांगता आलं की मुलाखत तुमच्या बाजूने वळते. एक नेहमीचा संशयित: अॅरे एकाच थ्रेडने इनिशियलाइज केला की त्याची सगळी पानं त्या थ्रेडच्या सॉकेटच्या (यंत्रातल्या एका प्रोसेसर चिपच्या) मेमरीत जाऊन बसतात आणि दुसऱ्या सॉकेटचे कोअर दूरची मेमरी चघळत राहतात. इनिशियलायझेशनचा लूपही समांतर केला तर बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

कोअरबरोबर प्रश्नाचा आकारही वाढवला असेल (गुस्ताफसन, १९८८) तर तसं स्पष्ट लिहा. स्ट्राँग (प्रश्नाचा आकार तोच) आणि वीक (कोअरबरोबर आकारही वाढवलेला) स्केलिंगचे आकडे एका ओळीत मिसळलेले दिसले की पुढचं वाचलं जात नाही.

आता खात्याबद्दल. हे असंच घडतं: पदवी मिळाली की विद्यापीठाचा ईमेल बंद होतो, नूतनीकरणाची सूचना त्याच मेलवर जाते, कुणी उत्तर देत नाही, लॉगिन बंद. स्क्रॅच (केंद्रावरची तात्पुरती साठवण) तर आधीच साफ झालेलं असतं, कारण ठरावीक मुदतीत न वापरलेल्या फाइली तिथून आपोआप उडवल्या जातात आणि त्याचा बॅकअप बहुतेक ठिकाणी नसतो. माझ्या वेळी एका केंद्राच्या मदतकक्षाने (संगणन-वेळेच्या) वाटप विभागाकडे धाडलं, वाटप विभागाने गाईडची सही मागितली, सही दिल्यावर ‘प्रकल्पच संपला आहे’ म्हणून तिकीट बंद केलं. नियम त्यांचे बरोबर असतील, पण हे पहिल्याच उत्तरात सांगायला कुणाचं काय जात होतं? असो.

त्यांना ‘माझा डेटा द्या’ म्हणू नका, तो गेलाय. जॉबच्या नोंदी मागा. केंद्रावर स्लर्म (जॉब रांगेत लावून चालवणारी प्रणाली) असेल तर हिशेबाच्या डेटाबेसमध्ये जॉब क्रमांक, नोड, कोअर, सुरू-संपल्याची वेळ आणि जॉब नीट संपला की नाही एवढं खातं बंद झाल्यावरही बहुधा राहतं, आणि सॅक्ट (sacct) या एका कमांडने निघतं. मागणी प्रकल्पप्रमुखाच्या मेलवरून जाऊ द्या, तारखांच्या मर्यादा देऊन. केंद्रागणिक धोरण वेगळं, तेव्हा हमी देत नाही.

ज्यांचं खातं अजून चालू आहे त्यांच्यासाठी: आउटपुटचे टेराबाइट वाचवत बसू नका. काही मेगाबाइटचं एक फोल्डर पुरतं. जॉब स्क्रिप्ट, मॉड्यूलची यादी, कंपाइलरची आवृत्ती आणि पर्याय, कोडचा कमिट हॅश (नेमकी आवृत्ती ओळखणारा क्रमांक), प्रोसेसरची माहिती, थ्रेड कोअरला कसे बांधले, इनपुटचा चेकसम (फाइल तीच आहे हे पडताळणारा आकडा), आणि प्रत्येक रनची कच्ची वेळ. सरासरी नको, कच्चीच. कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल) करून ठेवलात तरी आतलं एमपीआय नव्या यंत्राच्या नेटवर्कशी जुळेलच असं नाही. तो पुरावा म्हणून ठेवा, वेगाची अपेक्षा धरू नका. पुन्हा चालवल्यावर शेवटचे अंक बदलले तर घाबरू नका. दशांश बेरजेचा क्रम प्रोसेसच्या संख्येनुसार बदलतो आणि राउंडिंगमुळे उत्तरही किंचित हलतं.

तुमच्या बाबतीत नोंदी नाहीच मिळाल्या तर ओळ अशी करा: ‘थिसिसमधील मोजमाप, अमुक प्रोसेसर, ६४ खरे कोअर, स्ट्राँग स्केलिंग, बेसलाइन ऑप्टिमाइज्ड सीरियल’. आणि हाताशी असेल त्या यंत्रावर १, २, ४, ८ कोअरचा आलेख नव्याने काढा. आकडे जुने येणार नाहीत, पण वक्र का वाकतो ते बोलता येईल. मी निवड समितीत नाही, त्यामुळे हे माझं मत समजा.

जाता जाता दोन गोष्टी. ‘एमपीआय, ओपनएमपी, क्युडा अवगत’ ही नुसती साधनांची नावं देणारी ओळ काढून टाका. त्याऐवजी ‘स्टेन्सिल कोडमधली सीमेवरच्या डेटाची देवाणघेवाण नॉन-ब्लॉकिंग केली’ असं, म्हणजे नेमकं काय केलं ते, लिहा. आणि मिळालेले कोअर-तास लिहिताना गणित सोबत द्या: १२८ कोअरचे ५० नोड, ६ तास, २० रन म्हणजे ७,६८,००० कोअर-तास. अर्ज तुमच्या नावावर होता की गाईडच्या, तेही लिहा. अर्जावर नाव गाईडचं असेल तर ‘सहवापरकर्ता’ एवढंच लिहा. कुणाला किती कोअर-तास मिळाले ही यादी केंद्राच्या संकेतस्थळावर बऱ्याचदा जाहीर असते आणि लोक ती उघडून बघतात.