'जेआरपीजी'तला 'जे' कुठला?

प्रश्न असा आला आहे : 2025 साली आलेला 'क्लेअर ऑब्स्क्यूर' हा व्हिडिओ गेम फ्रान्सच्या माँपेलिए शहरात तयार झाला, तरी लोक त्याला जेआरपीजी, म्हणजे 'जॅपनीज रोल-प्लेइंग गेम' (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) म्हणतात. मग 'जे' म्हणजे जपान नव्हे का? आणि मराठीत याला काय म्हणावं? (गेम 'तो' की 'ती', हा वाद पुन्हा कधीतरी.)

'जे' जपानचाच, पण पैठणीतल्या पैठणसारखा. आज पैठणीचे बरेचसे माग येवल्यात आहेत, तरी साडी येवली झाली नाही. घेणारी काठ-पदर बघते. याच्या उलटही होतं. 'डार्क सोल्स' अस्सल जपानी कंपनीचा, पण त्याला जेआरपीजी म्हणताना पुष्कळांची जीभ अडखळते.

मग इथले काठ-पदर कुठले? गंमत म्हणजे मूळ धागा अमेरिकन आहे. 1986 साली जपानी गेमकार युजी होरी यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' हा या धाटणीचा पाया घालणारा गेम रचला तेव्हा 'विझर्ड्री'ची लढाई आणि 'अल्टिमा'चा वरून दिसणारा नकाशा एकत्र आणला. हे दोन्ही 1981 चे अमेरिकन, कॉम्प्युटरवरचे गेम. 'ड्रॅगन क्वेस्ट' ज्यावर चालायचा त्या फॅमिकॉमला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या खेळयंत्राला, मात्र कीबोर्ड नव्हता. हातात दिशांचं बटण आणि ए, बी. म्हणून 'लढा', 'मंत्र', 'पळा' असे पर्याय चौकटीतून, म्हणजे मेनूतून, निवडायचे, आणि लढाई आळीपाळीनं : आधी आपला वार, मग राक्षसाचा. खेळ जतन करायचीही सोय नव्हती. 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' म्हणून 20 अक्षरं दिली जात, ती कागदावर उतरवून ठेवायची. एक अक्षर चुकलं की गेली मेहनत.

दुसरी खूण 'रोल' या शब्दातच आहे. पाश्चात्त्य आरपीजीत बहुधा आपण सोंग घेतो : चेहरा, जात, धंदा, स्वभाव, सगळं आपण ठरवायचं. जपानी धाटणीत बहुधा भूमिका वाट्याला येते. 'फायनल फँटसी 7'मधला नायक क्लाउड आधीच लिहिलेला आहे. त्याचा भूतकाळ बदलणं आपल्या हातात नाही, संहिता पुढे न्यायची. नियम पक्का नाही, कारण याच मालिकेच्या 1987 च्या पहिल्या भागात चारही लढवय्यांचा पेशा खेळणाराच निवडतो. तरी 'सोंग' आणि 'भूमिका' हा फरक मला मेनूपेक्षा जास्त नेमका वाटतो.

जपानमध्ये हे सगळे नुसते 'आरपीजी'. 'जे' बाहेरच्यांनी चिकटवला. 'फायनल फँटसी 16'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी 2023 मध्ये सांगितलं होतं की, हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा तिथल्या काही जणांना तो हिणवल्यासारखा वाटला.

मराठीत मी दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवीन. 'जपानी आरपीजी' म्हणजे जपानमध्ये बनलेला. 'जपानी धाटणीचा आरपीजी' म्हणजे जेआरपीजी. 'डार्क सोल्स' पहिल्यात बसतो, 'क्लेअर ऑब्स्क्यूर' दुसऱ्यात, आणि 'ड्रॅगन क्वेस्ट' दोन्हींत.