टॅब कंपल्सरी केलाय, मुलाचं डोकं दुखतंय: आधी पोच घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीची मीच आठवले. चौथीतल्या मुलाला शाळेने टॅब कंपल्सरी केला, घरी आला की डोकं धरून बसतो, आणि टीचरना सांगितलं तर "बाकी कुणाची तक्रार नाही". आमची लेक पाचवीत होती, बाकी सगळं अगदी हेच.

डोळे तपासून घेतले असतीलच, त्यावर लिहीत नाही. माझी चूक सांगते. मी आठ महिने नुसती बोलत राहिले. गेटवर टीचरशी, पीटीएमला सुपरवायझर मॅडमशी, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळे "बघतो" म्हणायचे आणि मला वाटायचं चला, बघतायत. शेवटी हाफ डे टाकून शिक्षण खात्याच्या एका ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "शाळेला दिलेल्या अर्जाची पोच?" माझ्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता. बरं, नंतर पोच घेऊन गेले तर हे आमच्याकडे येत नाही, शेजारच्या टेबलला विचारा, आणि शेजारचे साहेब ट्रेनिंगला. तीन फेऱ्या झाल्या, एका अर्जावर साधा शेरा मिळाला नाही, अजून आठवलं की संताप होतो. तेवढ्यात लेकीचा नंबर मायनस ०.७५ वरून १.५० झाला. टॅबमुळेच वाढला असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत, या वयात वाढतो आणि तिचं बाहेर खेळणंही कमी झालेलं, पण ते आठ महिने मी घालवले याचं वाईट वाटतंच.

काम कशाने झालं तर मिनिटांनी. रफ वहीच्या मागच्या पानावर आठवडाभर आम्ही दोघी रोज लिहायचो, कुठल्या तासाला बोर्डवरचं डिजिटल पॅनल, कुठल्या तासाला टॅब, किती वेळ. गुरुवारचे ३ तास १० मिनिटं निघाले, कॉम्प्युटरचा तास न धरता! मराठीचं शुद्धलेखनसुद्धा टॅबवर. आणि त्याच पानावर तिने स्वतःहून लिहिलेलं, "खिडकीचं ऊन पॅनलवर येतं मग मी शेजारचीचं बघून लिहिते." घरी हे कधी बोलली नव्हती.

त्या पानाची झेरॉक्स जोडून शाळेला अर्ज दिला, मागण्या दोनच, गृहपाठ वहीत आणि खिडकीला पडदा. दहा दिवसांत मीटिंगला बोलावलं. दोन्ही मान्य झालं. वर्गातला टॅब राहिलाच.

अर्जात केंद्राच्या २०२० च्या प्रज्ञाता गाइडलाइन्स टाका, पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच ऑनलाइन सेशन्स म्हटलंय. शाळा म्हणेल ते लॉकडाऊनच्या ऑनलाइन वर्गांसाठी होतं, ते खरंय, पण मर्यादा किती असावी याला काहीतरी आधार मिळतो. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे परत वळायला सरकारी पैसा दिला, तेही लिहा, "जग डिजिटल होतंय" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला उपयोगी पडतं. माझं स्पष्ट मत, पाचवीपर्यंत रोजच्या लिखाणाला टॅब नकोच. कॉम्प्युटर लॅबला माझा विरोध नाही, ते शिकायलाच हवं.

टॅबचे पैसे शाळाच फीमध्ये घेत असेल तर ते पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे आले होते का, हे लेखी विचारा. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी कायद्यात ही समिती लॉटरीने निवडतात, पुढच्या जूनमध्ये नाव नक्की द्या. मी वकील नाही, तेवढं कुणा जाणकाराला विचारून घ्या.

आणि चष्मेवाला ब्लू लाइट कोटिंग गळ्यात मारेल, आम्ही १२०० रुपये घातले. २०२३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) डोळ्यांच्या ताणावर त्याचा फारसा फायदा दिसला नाही. त्यापेक्षा संध्याकाळी तासभर खाली खेळायला सोडा.

अर्ज उद्याच लिहा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर तारीख, आवक नंबर आणि शिक्का बसेपर्यंत खिडकीवरून हलू नका. "मॅडम जेवायला गेल्यात" म्हणाले तर बाहेर बाकावर बसून राहा.