बाबांचे ठोके ३६ वर का आले?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. आम्ही देवगड तालुक्यातले. बाबा ६१ वर्षांचे, सगळं आयुष्य हापूसच्या बागेत गेलं. बीपीसाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. जानेवारीत मुंबईला त्यांच्या जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, सगळं जठर काढावं लागलं. नंतर भूलतज्ज्ञांनी सांगितलं, की पोटात गॅस भरताच ठोके ७४ वरून ३६ वर आले. जठर सोडवताना पुन्हा ४०, आणि तासाभराने एकदम १२०. आता बाबा घरी आलेत, पेज घेताहेत. काकांच्या हर्नियाच्या ऑपरेशनलाही, २००९ साली, असंच झालं होतं म्हणे. आता माझ्या धाकट्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. हे आमच्या रक्तातच आहे का? घरातल्या सगळ्यांची जनुकीय तपासणी करून घ्यावी का? आणि कॅन्सरही आमच्या मागे लागेल का? आई रात्रभर जागी असते.
— एक वाचक, देवगड

उत्तर : बाबा घरी आले, पेज घेताहेत, हे वाचून बरं वाटलं. जठर पूर्ण काढलंय, तेव्हा बी-१२ चं इंजेक्शन कधीही चुकवू नका. अन्नातलं बी-१२ शरीरात घ्यायला लागणारा घटक जठरातच तयार होतो.

आता ठोक्यांचं. मी २२ वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात भूल देते. तुम्ही लिहिलेला तो क्षण मी कितीदा पाहिला असेल. पोटात कार्बन डायऑक्साइड जायला लागतो, पोट ढोलासारखं फुगतं, दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत चढतो, आणि मॉनिटरची टिक-टिक लांबत जाते. दोन ठोक्यांमधली शांतता ऐकूनच मान वर होते, आकडा नंतर दिसतो. "गॅस सोडा," एवढंच म्हणायचं. सर्जन झडप उघडतात, पोट खाली बसतं, अॅट्रोपिनची ०.६ मिलिग्रॅमची अँप्युल आधीच भरून ठेवलेली असते ती शिरेतून जाते, आणि मिनिटभरात टिक-टिक पुन्हा जवळजवळ येते. मग गॅस पुन्हा भरायचा, या वेळी सावकाश.

हे होतं व्हेगस नावाच्या नसेमुळे. ही नस मेंदूतून निघते, मानेतून उतरते, हृदयाला फांद्या देते आणि अन्ननलिकेला बिलगून जठरावर पसरते. पोटाचं आतलं अस्तर ताणलं, जठर ओढलं, की निरोप मेंदूत जातो आणि तिथून याच नसेतून हृदयाला लगाम बसतो. जठराच्या ऑपरेशनात तर सर्जनचा हात तिच्याच वाटेवर असतो. म्हणून ३६ आणि ४० या दोन्ही आकड्यांना आधी गॅस आणि ओढ हेच कारण धरायचं. १२० ची गोष्ट वेगळी. रक्त जाणं, पाणी कमी पडणं, भूल हलकी होणं, यातलं काहीही असू शकतं. त्याला मी जनुकांचं नाव देणार नाही.

मग जनुकांचा वाटा कुठे? मला वाटतं, ठोके उतरणार की नाही हे गॅसने ठरवलं. किती खोल उतरणार, यात जनुकांचा थोडा हात असू शकतो. तुमच्या बाबांच्या बाबतीत माझी पहिली शंका त्या मेटोप्रोलॉलवर आहे. ठोके हळू करणारी ही गोळी यकृतात सीवायपी२डी६ नावाच्या एन्झाइमने मोडली जाते. त्याचं जनुक काही माणसांत काम करतं, काहींत जवळजवळ करतच नाही. अशा माणसाच्या रक्तात तीच गोळी कितीतरी पट साठते आणि हृदय आधीच हळू चाललेलं असतं. दुसरं जनुक एडीआरबी१. हृदयावर ठोके वाढवणारं अॅड्रेनॅलिन जिथे बसतं ती कुलपं याने घडतात. त्यातल्या ३८९ व्या जागेवर कोणाच्यात आर्जिनिन नावाचा प्रथिनाचा घटक असतो, कोणाच्यात ग्लायसिन नावाचा. आर्जिनिनवालं कुलूप जास्त जोरात उघडतं. आणि नुसत्या बसल्या ठोक्यांचा वेग घेतला, तर २०१३ साली १ लाख ८० हजारांहून जास्त माणसांच्या अभ्यासात त्याच्याशी जोडलेल्या गुणसूत्रांवरच्या २१ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. ती माणसं बहुतेक युरोपीय वंशाची होती.

तुम्ही बागायतदार, म्हणून असं सांगते. एकाच झाडाच्या काड्यांवरची कलमं जनुकांच्या हिशेबात सगळी एकच झाड. तरी कातळावरचं कलम आणि खालच्या मळ्यातलं कलम एका दिवशी मोहरत नाहीत. बाबा आणि काका तर कलमंही नाहीत, सख्खे भाऊ आहेत, निम्मी जनुकं सारखी. काकांना तेव्हा कोणती भूल दिली होती, कोणती गोळी चालू होती, हे कळल्याशिवाय दोघांना एका धाग्यात ओवता येत नाही. रापण ओढण्यात आयुष्य गेलेल्या मच्छीमाराचे बसल्या जागी ठोके ४८ असतात, ते मेहनतीने. त्याला घराण्याचा दोष म्हणत नाहीत.

मात्र काही जनुकीय गोष्टी खरोखर घराण्यातून येतात आणि टेबलावर जीव घेऊ शकतात. १९६० साली ऑस्ट्रेलियात पाय मोडलेला २१ वर्षांचा एक मुलगा डॉक्टरांना सांगत होता, की पायापेक्षा भुलेची भीती वाटते, कारण माझे दहा नातेवाईक ईथरच्या भुलेनंतर गेले. त्यालाही भुलेत त्रास झाला, पण तो वाचला. त्या एका मुलाच्या सांगण्यातून आज आपण ज्याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतो तो, भुलेच्या काही औषधांनी शरीर भयंकर तापवणारा आजार जगाला कळला. बहुतेक घराण्यांत दोष आरवायआर१ या जनुकात सापडतो. ठोके अचानक वाढणं हे त्याचं एक पहिलं लक्षण, आणि डँट्रोलिन हे त्याचं औषध.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्यावर मला जास्त सतावते. भुलेच्या तपासणीला आलेल्या एका आजींनी, मी पाचव्यांदा विचारल्यावर, सांगितलं : "माझो थोरलो भाव बावीत गेलो, डॉक्टरानू. पोवाक मासो होतो." पोहण्यात मासा असलेला मुलगा विहिरीत बुडतो, आणि घरात साठ वर्षं त्याला पाण्याने ओढलं असंच म्हणतात. आजींच्या ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबलेलं होतं. क्यूटी लांबण्याच्या आजाराच्या एका प्रकारात, केसीएनक्यू१ जनुकाच्या दोषात, पोहताना हृदयाची लय बिघडते. आजींना मी ओंडानसेट्रॉन दिलं नाही. उलटी थांबवायला आम्ही ते सर्रास देतो, पण त्याने क्यूटी आणखी लांबतं.

म्हणून सगळ्यांच्या तपासणीवर पैसे घालवू नका. आधी बहिणीचा ईसीजी. त्यात काही दिसलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, पोहताना, धावताना, झोपेत, तर हृदयरोगतज्ज्ञ सांगतील ती नेमकी तपासणी करा. थुंकीची नळी कुरिअरने पाठवून येणारा पन्नास पानांचा अहवाल टेबलाशी मला उपयोगी पडत नाही.

कॅन्सरची काळजी यापासून वेगळी ठेवा. जठराचा घराण्यातून येणारा कॅन्सर आहे. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात त्याचं सीडीएच१ हे जनुक सापडलं. पण त्या घरांत बहुधा अनेकांना, तेही तरुण वयात, होतो. तुमच्या पत्रात बाबा एकटेच आहेत, वय ६१. तरी बायॉप्सीच्या अहवालात 'डिफ्यूज' हा शब्द आहे का (घराण्यातून येणारा प्रकार असाच असतो), तेवढं त्यांच्या डॉक्टरांना विचारा. जठराच्या कॅन्सरला हातभार लावणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी तुम्हा भावंडांची करायची का, तेही तिथेच विचारा.

बाबांची मेटोप्रोलॉल आपल्या मनाने बंद करू नका, अचानक थांबवली तर ठोके उसळतात. बहिणीच्या फिटनेसला जाताना तुम्ही स्वतः बरोबर जा. एका वहीत लिहून न्या : बाबांच्या गोळीचं नाव आणि डोस, ७४ वरून ३६ केव्हा झाले, काकांचं ऑपरेशन कुठे झालं, घरात कोण कसं गेलं. काकांचं डिस्चार्ज कार्ड माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, काकूंना विचारा. बहिणीला भूल देणारे जे कोण असतील, त्यांच्या हातात ही वही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पडायला हवी. टेबलावर घेतल्यावर नको.